पाच भिजलेल्या मुली

कासू स्टेशनात गाडी थांबली की आधी म्हात्रेबाईंची पिशवी आत यायची, मग त्यांचा आवाज, आणि सगळ्यांत शेवटी त्या स्वतः. गाडी तिथं जेमतेम मिनिटभर थांबायची. तेवढ्यात त्या कुणा म्हातारीची टोपली वर चढवायच्या, फलाटावरच्या कुणाला तरी नवऱ्याची तब्येत विचारायच्या, आणि गाडी हलल्यावर दांडा धरून आत यायच्या. माझी मुलगी केतकी रोह्यापासून त्यांच्यासाठी जागा धरून बसलेली असायची. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचं दप्तर. कासू आलं की दप्तर मांडीवर जायचं आणि तिथं म्हात्रेबाई बसायच्या. मग पेण येईपर्यंत केतकीची पाठ माझ्याकडे.

मला म्हात्रेबाईंचा हेवा वाटायचा. आता त्याला पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही. त्या काळात कुणी तसं म्हटलं असतं तर मी हसून उडवून लावलं असतं. मी बी.एस्सी. बी.एड., त्या डी.एड. तपासणीला आलेले अधिकारी माझ्या टिपणवह्या इतर शिक्षकांना दाखवायचे, आणि म्हात्रेबाईंचं हजेरीपत्रक महिनाअखेरीला शिपाई त्यांच्यामागे हिंडून पुरं करून घ्यायचा. त्यांच्यात हेवा करण्यासारखं होतं काय?

पेणच्या त्या शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. माझे यजमान रोह्याच्या एका कंपनीत होते, त्यांच्या शिफ्ट बदलत्या. केतकीला एकटीला घरी ठेवणं नको म्हणून पाचवीपासून तिला मी माझ्याच शाळेत घातलं. आई शाळेत असली की मूल डोळ्यांसमोर राहील, असा माझा हिशेब. डोळ्यांसमोर राहिलं, हे खरं आहे.

म्हात्रेबाईंचं नाव चांगुणा. उंच, सावळ्या, रुंद हाडाच्या. चालताना पाऊल असं टाकायच्या की बांधावरून चालतायत असं वाटावं. कासूपासून आत खाडीकडे त्यांचं गाव. आईवडील दोघंही मिठागरावर राबलेले. गावातून शिकून मास्तरीण झालेल्या त्या पहिल्याच, पण हे मला शिपायाकडून कळलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या, थोडं जपून, अनोळखी घरात वावरावं तसं. वर्गाबाहेर पडल्या की आपल्या बोलीत. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची होती, पण त्या बसायच्या खिडकीजवळच्या माठाशेजारच्या बाकावर. पाणी प्यायला आलेलं प्रत्येक पोर त्यांच्यासमोरून जायचं. त्यातलं एखादं रडत असलं तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आधी पानी पी, मंग रड." रडू नको असं त्यांनी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. पोर पाणी प्यायचं, आणि मग खरंच त्यांच्याशेजारी बसून व्यवस्थित रडायचं. त्या वह्या तपासत असायच्या. रडणं संपलं की "झाला?" एवढंच विचारायच्या.

माझ्याकडे रडत कुणी आलं नाही. माझ्याकडे पोरं शंका घेऊन यायची, हात जोडून, "बाई, आत येऊ का?" म्हणत.

त्यांच्या पिशवीत सुई-दोरा, आवळे, खडूचे तुकडे असं काय काय असायचं. डबा बांधायला जुन्या लुगड्याचं एक मोठं फडकं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. कुणाचा गुडघा फुटला, कुणाच्या अंगावर शाई सांडली, की फडकं बाहेर यायचं. मला त्या फडक्याची किळस यायची, आणि केतकी गाडीत त्याच फडक्यावर डोकं टेकून झोपायची.

केतकी सहावीत असताना एके दिवशी सकाळी निघायच्या वेळी बघते तर हिचे केस मोकळे.

"वेण्या?" मी विचारलं.

"गाडीत घालतील बाई."

"कोण बाई?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू बाई म्हणजे एकच असते. मग म्हणाली, "तू घातलेल्या दुपारपर्यंत सुटतात."

गाडीत म्हात्रेबाईंनी तिला गुडघ्यात धरली, दातांत रिबीन घेतली, आणि नागोठण्याकडून येणाऱ्या वाऱ्यात पाच मिनिटांत दोन वेण्या घातल्या, अशा घट्ट की संध्याकाळी घरी सोडताना माझी बोटं दुखली. मी त्या सोडत असताना केतकी "हळू" म्हणाली. सकाळी त्यांनी ओढून घातल्या तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास लवकर उठून वेण्या घरीच घालायला लागले. म्हात्रेबाईंच्या ते लक्षात आलं असणार. त्यांनी केतकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आज आयनं घातल्या व्हय? झ्याक हायत." मला ते जास्तच लागलं.

सातवीच्या विज्ञानाचे तास माझ्याकडे होते. मिठाचे स्फटिक हा धडा मी दरवर्षी प्रयोग करून शिकवायचे. चंचुपात्रात मिठाचं संपृक्त द्रावण, त्यात सोडलेला दोरा, आठ दिवसांनी त्यावर आलेले चौकोनी स्फटिक. वर्ग माना उंचावून बघायचा. केतकी सातवीत होती त्या वर्षी मी दोरा दाखवत असताना म्हात्रेबाई बाहेरून चालल्या होत्या. दारात थांबल्या. मुलं त्यांच्याकडे बघायला लागली, तेव्हा सौजन्य म्हणून मी म्हटलं, "या ना बाई. तुमच्याकडचाच विषय आहे."

त्या आत आल्या, पात्रात बघितलं आणि मुलांना म्हणाल्या, "आमच्या आगरात मीठ पडायच्या आधी पानी जड व्हतं. वारा आला तरी लाट येत नाय. माझा बाप बांधावर उभा राहून सांगायचा, आता हात लावू नका, पानी झोपलंय." एवढं बोलून, मला बरं वाटावं म्हणून की काय, "पन हे चांगलं दिसतं" असं चंचुपात्राकडे बोट दाखवून म्हणाल्या आणि गेल्या.

परीक्षेत मी विचारलं, मिठाचे स्फटिक कसे तयार होतात. निम्म्या वर्गानं लिहिलं, पाणी जड होते व झोपते. मी गुण कापले. कापलेल्यांत केतकीचाही पेपर होता. घरी तिला म्हटलं, "तुला तरी कळायला हवं होतं." ती म्हणाली, "पण खोटं आहे का ते?"

नाही. खोटं नव्हतं. तोच तर त्रास होता.

सातवीची सहल त्या वर्षी बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये न्यायची ठरली, मुंबई संपते तिथलं ते भलंमोठं उद्यान. हेडसरांनी सहलप्रमुख म्हणून मला नेमलं. माझ्या जोडीला खेळाचे घरत सर आणि वर्गशिक्षिका म्हणून म्हात्रेबाई. मी सहल फार मन लावून आखली. निरीक्षणपत्रिका तयार केली, वीस झाडांची नावं, पानांचा आकार, साल, फळ, असे रकाने आखून सायक्लोस्टाईल करून घेतली. प्रत्येक मुलाच्या हातात एक पत्रिका, गळ्यात नाव लिहिलेलं कार्ड. म्हात्रेबाईंनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली.

"झाडं बगायला बोरिवलीला जायाचं?"

"तिथं जतन केलेलं जंगल आहे, बाई. शहराच्या शेजारी."

"बगू तं खरं," त्या म्हणाल्या. हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य.

एसटीच्या दोन कराराच्या गाड्या पहाटे पेणहून निघाल्या. फाटकातून आत शिरलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. मला वाटलं होतं, म्हात्रेबाई झाडं बघून नाक मुरडतील. त्यांनी झाडांकडे पाहिलंच नाही. त्या माणसांकडे बघत उभ्या राहिल्या. पांढरे बूट घातलेले म्हातारे हात हलवत भराभर चालले होते. एक बाई बाकावर पेपर वाचत बसली होती. एक जोडपं, म्हणजे बऱ्यापैकी वयस्कर जोडपं, हिरवळीवर चादर पसरून शेंगा सोलत होतं.

"ही लोकं कनच्या कामाला आलीत?" त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं.

"कामाला नाही ताई. फिरायला."

"आनि ही जागा कोनाची?"

"सरकारची. म्हणजे सगळ्यांचीच."

म्हात्रेबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. मग हिरवळीजवळ गेल्या, चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि मध्यभागी जाऊन बसल्या, पाय लांब करून. मी त्यांना त्याआधी पाय लांब करून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, त्यांनी स्वतःलाही पाहिलं नसावं. मुलींना म्हणाल्या, "या गो. निजा. वर बगा."

तीस-चाळीस मुलं त्यांच्याभोवती आडवी झाली. मी पत्रिका वाटत होते, हातात शिटी होती. "उठा, आधी झाडं ओळखायची आहेत," मी म्हटलं. मुलं उठली, पण कशी? बिछान्यातून उठवल्यासारखी. मी साग दाखवला, करंज दाखवला, पळस दाखवला. मुलं रकाने भरत होती. एका मुलानं म्हात्रेबाईंना विचारलं, "बाई, ह्याला काय म्हणतात?" मी तिथं दोन हातांवर असताना. त्यांनी साल नखानं खरवडून वास घेतला, त्याला दिला. "तूच सांग." मग त्या झाडाभोवती नाकं लावून ओळ लागली. माझ्या पत्रिकेत वासाचा रकाना नव्हता.

दुपारी डबे झाले. नंतर छोट्या आगगाडीत बसायचं होतं. ओळी लावल्या, मी मोजायला सुरुवात केली. पाच मुली कमी भरल्या. पुन्हा मोजलं. पाच कमी. त्यात केतकी. आणि म्हात्रेबाई कुठंच नाहीत.

घरत सर म्हणाले, "असतील इथंच, संडासाकडे." तिथं नव्हत्या. हिरवळीवर नव्हत्या. फाटकाजवळ बिबट्याचं चित्र असलेली पाटी मी सकाळी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवली होती, ती माझ्या डोळ्यांपुढून हलेना. घरत सरांकडे मुलं सोपवून मी निघाले. वाटेत दिसेल त्याला विचारत होते. एका माळ्यानं ओढ्याकडे हात केला.

आधी हसणं ऐकू आलं. झाडी संपून ओढ्याचं पात्र लागलं, मोठाले दगड आणि मधे गुडघाभर पाणी. त्या पाण्यात म्हात्रेबाई साडी वर खोचून उभ्या होत्या आणि ओंजळीनं मुलींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. पाचही मुली गळ्यापर्यंत भिजलेल्या. स्कर्टांतून पाणी निथळत होतं. केतकी मधोमध, कमरेइतक्या पाण्यात बसलेली. ती हसत होती. मोठ्यानं नाही, पण डोळ्यांत पाणी येईल अशी. मी दगडावर उभी होते आणि माझ्या मनात पहिला विचार भीतीचा आला नाही, रागाचाही नाही. हे हसणं घरी का नाही, एवढंच मनात आलं.

राग मागून आला. "म्हात्रेबाई, काय चाललंय हे?"

हसणं थांबलं. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. केतकीनं माझ्याकडे न बघता म्हात्रेबाईंकडे पाहिलं.

"खेळत व्हतो, बाई," त्या म्हणाल्या.

"न सांगता? जंगलात? नव्वद मुलांना सोडून?"

"चुकला माझा." त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांनी मुलींना एकेक करून बाहेर काढलं, केतकीला सगळ्यांत शेवटी, आणि परत येताना तिला आपल्या पुढं चालायला लावलं. मी तिचा हात धरायला गेले तर ती म्हणाली, "आई, ओली आहे मी." मी हात सोडला.

त्या संध्याकाळी घरी पोहोचल्यावर केतकी न्हाणीघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. म्हणाली, "आई, मला पाळी आली. आत्ताच."

मी तिला जवळ घेतलं. सगळं समजावून सांगितलं, लागतं ते कपाटातून काढून दिलं, गरम दूध दिलं. तिच्याशेजारी बसून राहिले. दिवसभराचा शीण, अपमान, सगळं गळून पडलं. बाकी काही असो, ही गोष्ट घेऊन मुलगी माझ्याकडे आली, पहिल्यांदा माझ्याकडे, असं मला वाटत राहिलं. मी तेव्हा इतकी सुखी होते की सोमवारी शाळेत जाऊन तक्रार लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही.

हेडसरांनी मागितली होती, हे खरं. पाचांतल्या एका मुलीला ताप आला होता आणि तिचे वडील शाळेत येऊन बोलून गेले होते. पण सहलप्रमुख म्हणून मला चार ओळी लिहून भागलं असतं. मी दीड पान लिहिलं. सगळं खरं होतं, एक शब्द वाढवला नव्हता. विनापरवानगी, धोक्याच्या जागी, बेजबाबदारपणे. खाली सही, तारीख. म्हात्रेबाईंना मेमो मिळाला. त्यांनी खुलाशात एकच ओळ लिहिली, असं शिपाई सांगत होता, की झाले ते माझ्याकडून झाले, पुन्हा होणार नाही. वर्ष संपताना संस्थेनं त्यांची बदली खाडीकडच्या एका छोट्या शाळेवर केली, जिथं जायला कुणी तयार नसायचं.

तोवर त्या रोज कासूला गाडीत चढत राहिल्या. केतकी जागा धरत राहिली. माझ्याशी त्या पूर्वीसारखंच बोलायच्या, म्हणजे थोडंच.

निकालाच्या दिवशी घरी परतताना केतकी गाडीत खिडकीशी बसली होती. कासू गेलं तेव्हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुझ्यामुळे गेल्या त्या."

"त्यांनी चूक केली होती, केतकी."

"मला डबा खाताना आली होती. पार्कात. स्कर्टला डाग पडला होता मागून." ती खिडकीकडे बघूनच बोलत होती. "मी त्यांना सांगितलं. त्यांनी फडकं फाडून दिलं. डाग धुवायला ओढ्यावर नेलं. मग एकटीचाच स्कर्ट ओला दिसला असता, सगळी मुलं विचारतील, म्हणून त्यांनी बाकीच्या चौघींना पण पाण्यात घेतलं. त्या चौघींना पण माहीत नाही. त्यांना वाटलं खेळतोय."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी तिथंच होते."

"तू मोजत होतीस."

आणि मग, बहुतेक मला आणखी लागावं म्हणून, किंवा लागू नये म्हणून, मला आजही ठरवता येत नाही, ती म्हणाली, "त्याच म्हणाल्या होत्या, घरी गेल्यावर आत्ताच आली असं सांग. आईला पहिलं कळलं असं वाटू दे."

इथं मला पश्चात्ताप झाला असं लिहायला पाहिजे. तो झाला, पण नंतर, घरी गेल्यावर. गाडीत मला जे वाटलं तो निव्वळ मत्सर होता. त्या संध्याकाळचं माझं सुखसुद्धा त्या बाईनं दिलेलं निघालं.

पुढच्या रविवारी मी एकटी कासूला उतरले. गावाचा रस्ता मिठागरांमधून जातो. उन्हानं डोळे उघडत नव्हते, दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग. म्हात्रेबाई अंगणात जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. आत जाऊन पाणी आणलं.

"केतकीनं सांगितलं मला," मी म्हटलं.

"हं."

"तुम्ही खुलाशात का लिहिलं नाही? निदान मला तरी सांगायचं."

"पोरीला शब्द दिलेला. कुनाला बोलायचं नाय असा." त्या खाली बसून जवळ्यातली काडी वेचायला लागल्या. "मंग बोलून कसं चालंल?"

"पण मी तिची आई आहे, बाई."

"म्हनून तं." काडी बाजूला टाकून म्हणाल्या, "तुमच्या तोंडात शिटी व्हती, गुप्तेबाई. भवती एवढी पोरं. ती बिचारी कशी येल तुमच्याकडं?"

यात टोचणी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी म्हटलं, "तुम्हाला माझा राग आला असेल."

"आला. मेमो वाचला तवा लय आला. खाली तुमची सही. अक्षर चांगलं हाय तुमचं." त्या पहिल्यांदा हसल्या. "चार दिस गाडीत तुमच्याशेजारी बसू नये असं वाटायचं. पन पोर जागा धरून बसायची."

मी त्यांना सांगितलं की मी उद्याच हेडसरांना लिहून देते, तक्रार मागे घेते, खरं काय झालं ते कळवते. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"काय लिवाल? पोरीचं नाव लिवाल? काय झालेलं ते लिवाल? हेडसर वाचनार, कारकून वाचनार, संस्थेतली मानसं वाचनार. आनि मंग ती आठवीत त्याच शाळेत जानार."

मला हे सुचलंच नव्हतं. म्हणजे इथंही त्यांनी केतकीचा विचार माझ्याआधी केला होता.

"नका लिवू," त्या म्हणाल्या. "मना ती शाळा जवळ हाय. चालत जाता येतं." निघताना त्यांनी पावशेर जवळा कागदात बांधून दिला. केतकीला आवडतो म्हणून.

मी तरीही हेडसरांकडे गेले. कारण न सांगता तोंडी म्हटलं की माझं लिहिणं जास्त कडक झालं, म्हात्रेबाईंना इथंच ठेवा. ते म्हणाले, "गुप्तेबाई, तुमचाच अहवाल जोडून ठराव गेलाय. आता तुम्हीच असं म्हटलंत तर लोक काय समजतील?" मी उठून आले. आणखी जोर लावायला हवा होता. लावला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गाडी कासूला थांबली, बायका चढल्या, आणि केतकीचं दप्तर तिच्या शेजारच्या जागेवर तसंच राहिलं. कुणीतरी ते उचलून खाली ठेवायला सांगितलं.

केतकी पुढं माझ्याशी नीट बोलायला लागली, पण ते हळूहळू, वर्ष-दीड वर्षानं. सुट्टीत ती एकटीच त्यांच्या गावी जाऊन यायची. मी अडवलं नाही. काय बोलणं झालं हे विचारायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं, आणि दर वेळी विचारायचे. "काही नाही, गप्पा," ती म्हणायची.

मला म्हात्रेबाई त्यानंतर एकदाच दिसल्या. केतकी तेव्हा दहावीत होती. शनिवारी दुपारची शाळा सुटून मी पेण स्टेशनात आले, रोह्याच्या गाडीत बसले, खिडकीजवळ जागा मिळाली. समोरच्या फलाटावर पनवेलकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत म्हात्रेबाई उभ्या होत्या. कसल्याशा शिक्षकांच्या वर्गाला निघाल्या असाव्यात, कारण शेजारी एक तरुण शिक्षिका होती, फायली छातीशी धरलेली. नुकतीच नोकरीला लागलेली असावी. साडी नेसायची सवय नव्हती, पदर खांद्यावरून सारखा घसरत होता. म्हात्रेबाईंनी बांगडीला अडकवलेली पिन काढली, ओठांत धरली आणि दोन्ही हातांनी तिच्या पदराच्या घड्या बसवायला लागल्या. ती मुलगी सारखी काहीतरी सांगत होती. मधेच तिनं मनगटानं डोळे पुसले.

मी खिडकीच्या गजांतून हात काढला आणि हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं. तोंडात पिन होती, बोलता येत नव्हतं. भुवया वर केल्या, मान एकदा हलवली आणि परत त्या खांद्याकडे वळल्या.

आमची गाडी सुटली. मी गजांना गाल टेकून मागे बघत राहिले. तीन वर्षं मी या बाईच्या इतकी जवळ बसून प्रवास केला, मध्ये फक्त केतकी होती. स्वतःचं असं काही मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगण्यासारखं नव्हतं असं नाही. म्हात्रेबाईंनी पिन लावली, एक पाऊल मागे होऊन बघितलं, आणि ती मुलगी काय म्हणतेय ते ऐकायला मान खाली घेतली. त्या अनोळखी पोरीचा मला इतका हेवा वाटला की मी खिडकीतून तोंड आत घेतलं.